बंद करता न आलेलं इंजिन

अवकाशात तीन माणसांची एक छोटी याट. आत मात्र एकटाच आहे, मंगळावरचा इंजिनिअर सॉलोमन एपस्टीन. तिच्या फ्यूजन इंजिनात, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र जुळवून ऊर्जा काढणाऱ्या इंजिनात, त्याने स्वतःच्या हाताने फेरफार केलेत आणि आज त्याची चाचणी आहे. इंजिन सुरू होतं. पाठ खुर्चीत रुतते, छातीवर वजन चढत जातं. आता बंद करावं म्हणून तो हात उचलायला जातो, तर हात उचलवत नाही. आणि इंधन? ते संपायचं नावच घेत नाही. शोध फसला असता, तर बिचारा वाचला असता.

ही कथा ‘द एक्सपान्स’ या विज्ञानकथामालेच्या विश्वातली. लेखक जेम्स एस. ए. कोरी, म्हणजे खरं तर दोघांचं मिळून एक टोपणनाव. आराखडे एपस्टीनच्या घरच्या कॉम्प्युटरवर होते, म्हणून इंजिन माणसांच्या हाती लागलं. त्याची याट अजून चाललीच आहे. दुर्बीण चांगली असेल तर दिसते, म्हणे.

लेखकांनी बदललंय काय, तर एकच गोष्ट: इंधन फार कमी लागतं. बाकी न्यूटन जसाच्या तसा.

आपलं मंगळयान आठवा. उड्डाणाच्या वेळी वजन १,३३७ किलो, त्यातलं ८५२ किलो निव्वळ इंधन. १ डिसेंबर २०१३ला इंजिन बावीस मिनिटं चालवून त्याला मंगळाच्या वाटेला लावलं. पुढे किरकोळ दुरुस्त्या सोडल्या, तर जवळजवळ दहा महिने नुसतं वाहत जाणं.

एपस्टीनचं इंजिन बंदच करावं लागत नाही. मंगळ अगदी जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरवर आहे असं धरू. पृथ्वीवर पायांना जेवढा भार जाणवतो, तेवढ्याच त्वरणाने निम्मी वाट जायचं. मग यान गर्रकन उलटं फिरवायचं आणि उरलेली वाट तेच इंजिन ब्रेकसारखं वापरायचं. हिशेब मांडला तर लागतात साधारण ४२ तास!

जोर सतत पायाखालून येतो, म्हणून ही यानं आतून विमानासारखी नाहीत, इमारतीसारखी आहेत. मजल्यावर मजला, मधून शिडी, तळाशी इंजिन. इंजिन थांबलं की खाली आणि वर हा भेदच संपतो.

आता कच्चा दुवा उरतो तो माणूस. जोरात पळायचं, तर जेलच्या खुर्चीत पडून राहायचं, नसांत औषधं टोचून घ्यायची, आणि तरीही मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती आहेच. लघुग्रहांच्या पट्ट्यात कमी गुरुत्वात वाढलेल्या उंच, सडपातळ माणसांचे तर जास्तच हाल.

एक लबाडी मात्र लेखकांना माफ करावी लागते. एवढ्या इंजिनाची थोडी उष्णता जरी आत झिरपली, तरी यान वितळेल. ती बाहेर टाकायला अवाढव्य रेडिएटर हवेत. याच कथांवरच्या टीव्ही मालिकेतल्या यानांवर ते शोधून पाहा.

या कथेत सीरीस हा बटुग्रह म्हणजे पट्ट्यातलं गजबजलेलं बंदर आहे. खऱ्या सीरीसपाशी नासाचं डॉन हे यान २०१५ साली पोचलं. त्याचं आयन इंजिन विद्युतभारित कण मागे फेकून यान पुढे ढकलायचं. त्याचा जोर किती? तळहातावर कागदाचा एक ताव ठेवला, तर जाणवेल तेवढा. सगळं मिळून हे इंजिन जवळजवळ सहा वर्षं चाललं. २०१८ मध्ये यानाला दिशा धरायला लागणारं इंधन संपलं. डॉन सीरीसभोवती अजून फिरतंय, पण बोलत नाही.