सात सह्या आणि एक बाकी

[दृश्य : फोंड्यातल्या एका शाळेचा वर्ग. रविवार, सकाळचे दहा. बाहेर पाऊस. टेबलावर हजेरीची वही, पावतीपुस्तक, रबरी शिक्का.]

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की गोव्यात वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. वाचनालयं, नाट्यमंडळं, क्रीडामंडळं, सगळ्यांचे हिशेब तपासून झालेले असतात आणि सभेची सूचना पंधरा दिवस आधी टपालात पडलेली असते. ही सभा एका विज्ञान संस्थेची आहे. पाऊस, झरे, सड्यावरची फुलं, खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतले, मासे यांच्या नोंदी ठेवणारी ही मंडळी. सत्तरी, डिचोली आणि फोंडा तालुक्यांतले शिक्षक, दोन-तीन निवृत्त शास्त्रज्ञ, काही विद्यार्थी. संस्थेचं नाव सांगायचं नाही, ही चित्रीकरणाची अट होती. तीही त्यांनी कार्यकारिणीत रीतसर ठराव करून घातली.

सव्वादहा वाजले. वर्गात १४ माणसं. गणपूर्तीला हवीत ३०. अध्यक्ष उभे राहतात आणि सगळ्यांना तोंडपाठ असलेलं वाक्य म्हणतात : गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे, तहकूब सभा याच जागी भरेल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. कुणीही जागचं हलत नाही. चहा येतो, पातळभाजी-पाव येतो. इतिवृत्त मराठीत, गप्पा कोकणीत, हिशेबाचे तक्ते इंग्रजीत. गोव्यातली सभा ही अशीच असते.

आज मात्र अर्धा तास थांबून भागणार नाही. विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला घटनादुरुस्ती, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत बदल, आहे आणि तिला तहकुबीची सवलत नाही. मतदानाचा हक्क असलेले ३० सभासद समोर बसलेलेच हवेत. त्यामुळे खिडकीतून फाटकाकडे नजर लावून सरचिटणीस फोनवर फोन करताहेत.

[दृश्य : जुनी फाइल. पहिल्या पानावर शाईच्या सह्या.]

संस्था उभी राहते ती या कागदावर. भारतातला संस्था नोंदणीचा कायदा १८६० सालचा, त्या वर्षीचा एकविसावा. वाङ्‍मयीन, शास्त्रीय किंवा धर्मादाय हेतूने एकत्र आलेल्या किमान सात जणांनी उद्देशपत्रावर सह्या करायच्या आणि ते निबंधकाकडे दाखल करायचं. सोबत नियमावलीची प्रत, कार्यकारिणीतल्या तिघांनी खरी असल्याचं प्रमाणित केलेली. एवढ्यावर संस्था जन्माला येते. पुढे तिच्यावर दावा झाला तर तो पदाधिकाऱ्याच्या नावाने चालतो. जमीन, पैसा, दुर्बीण, काय असेल ते तिच्या कार्यकारी मंडळाच्या हाती असतं.

गंमत अशी की हाच कायदा दोनापावलच्या टेकडीलाही लागू आहे.

[दृश्य : दोनापावल. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची इमारत, मागे झुआरीचं मुख.]

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तिच्या पोटातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. ती ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा आहे, ती सीएसआयआर १८६०च्याच कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे. तिचे अध्यक्ष पदसिद्ध, देशाचे पंतप्रधान. कारभार बघायला नियामक मंडळ आणि महासंचालक. प्रत्येक प्रयोगशाळेला एक संशोधन परिषद आणि एक व्यवस्थापन परिषद : संशोधन कुठल्या दिशेने जावं हे पहिली बघते, घरचा कारभार दुसरी. तिथे कुणी वर्गणी भरत नाही, कुणी हात वर करून संचालक निवडत नाही. फोंड्याच्या या वर्गातली संस्था आणि पंतप्रधान जिचे अध्यक्ष ती संस्था, दोघींची जात कायद्याच्या लेखी एकच. कायदा चौकट देतो. आत कोण बसणार ते नियमावली ठरवते. म्हणून विज्ञान संस्थेचा स्वभाव ओळखायचा तर तिचे शोधनिबंध बाजूला ठेवून आधी सभासदत्वाचं कलम वाचावं, असं आमचं मत झालं आहे.

सीएसआयआरचे १९९५ ते २००६ या काळातले महासंचालक रघुनाथ माशेलकर फोंडा तालुक्यातल्या माशेलचे. १९९८ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो, म्हणजे निवडून घेतलेले सभासद, झाले. त्या सोसायटीच्या दाराचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १६६०ची संस्था. निवडून आलेला प्रत्येक फेलो आजही त्याच वहीत सही करतो, जिच्यात न्यूटनची सही आहे. पण १९०२ साली विजेच्या कमानीवर, म्हणजे इलेक्ट्रिक आर्कवर, संशोधन करणाऱ्या हर्था आयर्टन यांचं नाव सुचवलं गेलं, तेव्हा वकिलांचा सल्ला आला की विवाहित स्त्री सनदेप्रमाणे फेलो होऊ शकत नाही. चार वर्षांनी त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं. पदक चालतं, मत चालत नाही! पहिल्या दोन स्त्रिया आत आल्या त्या १९४५ साली.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत माणेकजी कर्सेटजींचा अर्ज आधी फेटाळला गेला. १८४०च्या सुमारास त्यांना घेतलं आणि मग हिंदी माणसाला तिथे वाट झाली. त्या वाटेने पुढे गेलेल्यांत पेडण्यातल्या मांद्र्याचे डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. शिलालेख वाचणारा हा वैद्य त्या सोसायटीचा उपाध्यक्ष झाला. १८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग तिचे पहिले हिंदी अध्यक्ष. आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली ती आठ जणांनी. त्यांत डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि डॉक्टर सखाराम अर्जुन हे दोघे मराठी. आठ, म्हणजे कायद्याला लागतात त्याहून एक जास्त.

[दृश्य : पुन्हा वर्ग. खजिनदारांचं टेबल. सभासद नोंदवही.]

इथल्या वहीत सभासदांचे चार प्रकार. वार्षिक, आजीव, सहयोगी, मानद. मत पहिल्या दोघांनाच. अर्जाला एक सूचक, एक अनुमोदक लागतो आणि मंजुरी कार्यकारिणीची.

आजीव सभासद हा संस्थांचा सगळ्यात गोड घास. नवी संस्था, पैशांची चणचण, म्हणून एकरकमी दोन हजार घेतले आणि आजीव केलं. पैसे दोन वर्षांत संपले. सभासद मात्र जन्मभराचा. या संस्थेचे १५० मतदार सभासद, त्यांतले निम्म्याहून जास्त आजीव. कुणी पुण्याला, कुणी ठाण्याला, कुणी मुलाकडे परदेशात. आणि गणपूर्ती एकूण सभासदांच्या एकपंचमांश. काही जण तर हयातही नाहीत. पण नाव कमी करायलाही ठराव लागतो, आणि ठरावाला लेखी कळवलेलं लागतं. ते कोण कळवणार? शहाण्या संस्था आजीव वर्गणी कायम निधीत टाकतात आणि फक्त व्याज वापरतात. इथे ते सुचेपर्यंत उशीर झाला होता.

वार्षिक सभासदाचं नेमकं उलटं. १८६०च्या कायद्याचं पंधरावं कलम सांगतं : रीतसर प्रवेश मिळालेला, वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीत सही केलेला, आणि राजीनामा न दिलेला तो सभासद. पण ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, त्याला मत नाही; त्याची सभासदांत गणतीही नाही. त्याला नोटीस पाठवा, त्याची बाजू ऐका, असं काही नाही. पहाटे गजर वाजावा तसा तीन महिन्यांनी हक्क थांबतो.

कपाटाचंही सांगायला हवं. वर्गाच्या मागे लोखंडी कपाटात वाळवलेल्या वनस्पतींचे कागद आहेत, झऱ्यांच्या नोंदी आहेत. उद्या संस्था मोडली तर हे कुणाचं? मोडायला तीनपंचमांश सभासदांचा निर्णय लागतो, आणि चौदावं कलम म्हणतं की देणी भागवून उरलेलं काहीही सभासदांत वाटता येणार नाही. ते दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यायचं. ज्यांनी स्वतःच्या पदराला खार लावून ते जमवलं, त्यांनाही एक पान घरी नेता येत नाही. आम्हाला हे कलम सगळ्यात आवडलं. ज्ञान कुणाच्या वारसांना वाटून जाऊ नये, एवढी अक्कल त्या जुन्या कायद्याला होती. उद्देश बदलायचा असेल तर बारावं कलम, आणि ते त्याहून कडक : दहा दिवस आधी सूचना, विशेष सभेत तीनपंचमांश मतं, मग महिन्याच्या अंतराने दुसरी सभा आणि पुन्हा तीनपंचमांश. रागाच्या भरात कुणी संस्थेचं तोंड फिरवू नये, म्हणून मध्ये महिना.

आजची दुरुस्ती उद्देशाची नाही, पात्रतेची. ती नियमावलीप्रमाणे होते : हजर मतदारांपैकी दोनतृतीयांश.

[दृश्य : सत्तरीतलं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. मोकळ्या जागेत पर्जन्यमापक. हातात जाड वही.]

हे कुळागरकार काका. वयाने सत्तरीच्या पुढचे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळे पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. पानावर चार रकाने : तारीख, मिलिमीटर, वारा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात कुठे ‘रात्री वीज’, कुठे ‘ओढ्याला लाल पाणी’, कुठे ‘सुपारीला कोळे’, म्हणजे फळं कुजवणारा रोग. संस्थेच्या वार्षिक अहवालातला पावसाचा तक्ता याच वहीतून येतो. काका मात्र सहयोगी सभासद आहेत. कारण नियम चार म्हणतो : विज्ञान शाखेची पदवी किंवा समकक्ष पात्रता. काका शिकले ते मराठी चौथीपर्यंत.

दुरुस्ती अशी : पदवी, किंवा सलग तीन वर्षं संस्थेसाठी केलेल्या नोंदी.

[दृश्य : सभा. पावणेअकरा. वर्ग बऱ्यापैकी भरलेला.]

हजेरीच्या वहीत ३३ सह्या झाल्या. ठराव मांडला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी. विरोधाला उभे राहिले ते संस्थेचे संस्थापक सभासद, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांचं बोलणं आम्ही इथे जसंच्या तसं ठेवलं आहे.

“काकांना माझा विरोध नाही. काकांच्या वहीला मी नमस्कार करतो. पण दार उघडलं की काका एकटे येत नाहीत. निवडणुकीच्या महिनाभर आधी कुणीतरी पन्नास जणांची वर्गणी भरेल, बस करून आणेल, आणि दुपारी जेवणापर्यंत कपाटाची चावी त्याच्याकडे असेल. मग पावसाचा तक्ता कोण छापणार?”

ही भीती पोकळ नाही. घाऊक सभासद करून संस्था ताब्यात घेण्याचे प्रकार गोव्याला नि महाराष्ट्राला नवे नाहीत. पण कुलूप चुकीच्या दाराला लागलं आहे, असं आम्हाला वाटतं. पदवीची अट लावून बस अडत नाही; पदवीधरांचीही बस भरते. बसला अडवायचं तर नव्या सभासदाला पहिलं वर्षभर मत नाही, असा नियम लागतो. बऱ्याच संस्थांत तो असतो. या नियमावलीत तो नाही, आणि आजच्या मसुद्यातही कुणाला सुचला नाही.

बाई उत्तराला उठल्या. “सर, तीन वर्षं रोज सकाळी उठून पाऊस मोजणारे पन्नास जण कुणी बस करून आणले, तर मी स्वतः त्यांच्या जेवणाचा खर्च करीन.” वर्ग हसला. सरही हसले. मत मात्र बदलणार नव्हते.

[दृश्य : चिठ्ठ्या. बिस्किटांचा रिकामा डबा मतपेटी म्हणून.]

चिठ्ठ्या वाटण्याआधी खजिनदारांनी वही उघडली. दोन नावं वाचली. दोघेही तरुण, दोघेही बाईंचे माजी विद्यार्थी, झऱ्यांच्या नोंदी करणारे. दोघांची वर्गणी मार्चपासून थकलेली. एकाने तिथल्या तिथे फोन काढून पैसे पाठवायची तयारी दाखवली. खजिनदार म्हणाले, “पैसे घेतो रे बाबा, पण आजच्या मताला ते चालणार नाहीत. आमच्या नियमात सभेच्या आदल्या दिवशीपर्यंतचा हिशेब धरतात.”

मतदार उरले ३१. दोनतृतीयांश म्हणजे २१. डबा उपडा केला. बाजूने २०, विरुद्ध ११. ठराव नामंजूर.

ते दोघे बाकीत नसते, तर ३३ पैकी २२, म्हणजे बरोबर दोनतृतीयांश. हा हिशेब वर्गातल्या प्रत्येकाने एकाच वेळी केला, ते चेहऱ्यांवर दिसत होतं.

पुढचे विषय भराभर उरकले. लेखापरीक्षकाची नेमणूक, नवी कार्यकारिणी. लोक खुर्ची सोडत नाहीत असं म्हणतात. इथे खजिनदारकी घ्यायलाच कुणी तयार नव्हतं, म्हणून जुनेच पुन्हा. आयत्या वेळचा विषय नव्हता. कार्यकारिणीची यादी सभेपासून चौदा दिवसांत निबंधकाकडे जायला हवी, म्हणून सरचिटणीस तिथेच सह्या घ्यायला बसले. मूळ कायद्याप्रमाणे निबंधकाकडची ही कागदपत्रं कुणीही एक रुपया भरून पाहू शकतो. आम्ही विचारलं, आजवर कुणी पाहिली का? त्यांनी मान हलवली आणि शिक्का उठवला.

तोवर बाईंनी दुसरा कागद काढला होता. नियम अकरा : एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलवावीच लागते. ३० सह्या हव्यात. या वेळी मसुद्यात एक ओळ जास्त आहे, नव्या सभासदाला वर्षभर मत नाही. ती ओळ वाचून सरांनीही सही केली. त्या दोघा मुलांनी वर्गणी भरली, पावती घेतली आणि सही केली. काका सभा संपायची वाट बघत व्हरांड्यात होते. त्यांनाही कागद वाचून दाखवला, पण त्यावर सही मतदार सभासदाचीच चालते.

दुपारी एकपर्यंत २४ सह्या झाल्या. उरलेल्या सहांसाठी सरचिटणीस आजीव सभासदांची यादी घेऊन पुण्या-ठाण्याला फोन लावणार आहेत. यादीतले निम्मे नंबर अजून लँडलाइनचे आहेत.