नाईक यशवंत घाडगे आणि त्यांचं सेक्शन

मंडळी, माणगावच्या तहसील कार्यालयापाशी एका तरुण जवानाचा पुतळा आहे. आपल्या पंचक्रोशीत तो ठाऊक नाही असं माणूस विरळा. यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी, इटलीत त्यांना वीरमरण आलं, तेव्हा वय होतं अवघं 22. पुढे मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. इटलीच्या मोहिमेत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा हिंदी, म्हणजे भारतीय, जवानांचे, त्यात हा एक.

4 जून 1944 ला रोम दोस्त राष्ट्रांच्या, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेच्या बाजूच्या, हाती आलं होतं. जर्मन फौजा उत्तरेकडे हटत होत्या, पण सुखासुखी नव्हे. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात डोंगराडोंगरावर मशीनगन लावून त्या एकेक ठाणं लढवत होत्या. असंच एक ठाणं घ्यायला मराठ्यांची एक कंपनी चढली. घाडगे एका सेक्शनचे म्होरके. सेक्शन म्हणजे दहाएक माणसं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडग्यांखेरीज सेक्शनमधला एकूण एक जवान पडला; कोणी जागीच गेला, कोणी जखमी झाला.

पुढचं मी सावकाश सांगणार आहे, कारण भाषणांमध्ये आपण ‘अतुलनीय शौर्य’ म्हणतो आणि नेमकं हेच गाळून टाकतो. सोबत यायला आता कोणीही उरलेलं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सन्मानपत्रात तसं स्पष्ट लिहिलंय. तरी ते धावले, मागे नव्हे, मशीनगनच्या रोखाने. आधी हातबॉम्ब टाकला. गन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपलं. समोर अजून दोघे होते आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलायला वेळ नव्हता. या कामाला किती लागतो वेळ? सरावलेल्या हाताला काही सेकंद. तेवढेही नव्हते. मग त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याचे घाव घालून त्या दोघांना ठार केलं. ठाणं हाती आलं, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने घेतलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला.

देश स्वातंत्र्यासाठी झगडत असताना हे इंग्रजांच्या फौजेत कशाला लढले, असं काही जण विचारतात. विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. पण त्या उतारावर घाडग्यांच्या समोर सम्राट नव्हता हो! आपली माणसं पडलेली होती आणि त्यांना पाडणारी गन अजून चालू होती. मला ते धावणं असंच समजतं.

आणि म्हणूनच त्या बाकीच्या माणसांचं काय, हे मला गप्प बसू देत नाही. पदक एकाला मिळतं, ते योग्यच. पण तीच गोळी झेललेले ते जवान कोणत्या गावचे? इटलीत 5,782 हिंदी जवान कामी आले. घाडग्यांचं नाव इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर कोरलंय, ज्यांची कबर ठाऊक नाही अशांच्या यादीत. 2023 साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. परक्या मुलखातल्या लोकांनी एवढं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपण काय करू शकतो? युद्धात पडलेल्या जवानांच्या कबरी आणि नावं जपणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या नोंदी आज इंटरनेटवर घरबसल्या पाहता येतात. रेजिमेंट आणि तारीख घालून शोधा. बऱ्याच जवानांच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि गावही सापडतं. इथल्या कॉलेजच्या मुलांनी 10 जुलै 1944 या तारखेपासून सुरुवात करावी. नावं सापडली की त्या त्या गावी जा, घर शोधा. कुणाच्या ट्रंकेत पदक असेल, पेन्शनचा कागद असेल, नाहीतर पलटणीतून आलेलं एखादं कार्ड. त्याचा फोटो घ्या, नाव नीट लिहून घ्या. पुढच्या 10 जुलैला पुतळ्याला हार घालाल, तेव्हा ही नावं मोठ्याने वाचा.