अंडीवाली शेवंड

नमस्कार, श्रोतेहो. 31 जुलैला मासेमारीवरची पावसाळी बंदी संपेल, होड्या पुन्हा पाण्यात जातील. त्याआधी शेवंडीबद्दल, म्हणजे लॉब्स्टरबद्दल, थोडं बोलू.

एक शेवंड आपण गमावल्यातच जमा आहे. वाळूत राहणारी, चपटी, लांब मिशा नसलेली. मुंबईच्या ट्रॉलरना 1982 साली ती 375 टनांच्या आसपास मिळाली आणि 1994 पर्यंत तिचा धंदाच बसला. अंडीवाल्या माद्या जाळ्यात आल्या आणि सरसकट विकल्या गेल्या. तेव्हा समुद्र तापतोय असं कुणी म्हणतही नव्हतं!

आता तो तापतोय. निसर्ग आणि तौक्ते वादळं आपण लागोपाठच्या दोन वर्षांत सोसली. मिशावाल्या शेवंडीची पिल्लं तर कित्येक महिने प्रवाहाबरोबर वाहत राहतात. त्यांतली किती जगतील, हे आपल्या हातात नाही. माद्या किती राखायच्या, एवढं आहे.

अमेरिकेत मेन राज्याचे मच्छीमार अंडीवाली मादी मिळाली की तिच्या शेपटीच्या पात्याला व्ही आकाराची खाच पाडतात आणि तिला पाण्यात सोडतात. पुढे ती अंड्यांविना सापडली, तरी खाच दिसली की परत सोडायची. फार लहान नको, फार मोठीही नको, असं दोन्हीकडून माप आहे. तिथलं पाणी झपाट्यानं तापलं, तरी 2016 साली त्यांनी विक्रमी शेवंड काढली. त्यात ऊबदार पाण्याचाही वाटा होता, आणि त्यानंतर उत्पादन घटलंय, हेही सांगायला हवं. मात्र मेनच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शेवंड त्याआधीच कोसळली होती.

आपल्याकडे 300 ग्रॅमखालची हिरवट शेवंड परदेशी पाठवता येत नाही. पण हा नियम निर्यातीच्या दारात अडवतो, बंदरावर नाही. लहान माल हॉटेलात खपतोच.

अंडीवाली मादी ओळखणं सोपं आहे. उलटी करा, शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा घोस दिसेल. तो तपकिरी झाला असेल, तर पिल्लं सुटायला फार दिवस नाहीत. तिला मिशीला धरून ओढू नका, मिशा आणि पाय तुटतात. जाळ्याची दोन-चार आसं, म्हणजे घरं, कापा आणि तिला सोडा. जाळं फाटतं, हे खरं. तो खर्च एकट्या नाखव्यानं का सोसावा? ऑगस्टआधी मच्छीमार सोसायटीच्या सभेत हाच विषय पहिला घ्या.