बाखच्या घरातला दौत-टाक

श्रोतेहो, नमस्कार.

योहान सेबास्टियन बाख हे नाव संगीतात मोठ्या आदरानं घेतात. पण हे गृहस्थ वयाच्या १८व्या वर्षापासून अखेरपर्यंत नोकरीच करत होते. कधी चर्चमध्ये ऑर्गनवादक, कधी दरबारात, आणि शेवटची २७ वर्षं लाइप्झिगच्या सेंट थॉमस शाळेत. दोन लग्नांची मिळून २० मुलं झाली, त्यांतली १० मोठी झाली. या राबणाऱ्या, संसारी माणसाविषयी आज बोलायचं आहे, आणि त्यांच्या घरातल्या दौत-टाकाविषयीही.

जन्म १६८५चा, जर्मनीतल्या आइझेनाखचा. दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच आई गेली, वडीलही गेले. थोरल्या भावानं ओर्ड्रुफला आपल्या घरी नेलं. भावाकडे नामवंतांच्या रचनांची एक वही होती, जाळीच्या कपाटात बंद. मुलाचा हात लहान, जाळीतून आत जायचा. सगळे निजले की तो वहीची सुरळी करून बाहेर ओढायचा आणि चांदण्यात बसून उतरवून घ्यायचा, कारण मेणबत्ती मिळत नव्हती. सहा महिने लागले. शेवटी भावाच्या लक्षात आलं आणि त्यानं ती नक्कल काढून घेतली. बाख यांच्या मृत्युलेखात हा प्रसंग नोंदवलेला आहे. तो लिहिणाऱ्यांत त्यांचा मुलगाही होता. म्हणजे घरात ही गोष्ट मुलांना सांगितली गेली असणार, असं मला वाटतं.

विशीत हेच बाख चार आठवड्यांची रजा काढून ल्यूबेकला बुक्स्टेहूडे यांचा ऑर्गन ऐकायला गेले. वाट ४०० किलोमीटरच्या वर, आणि तीही पायी. परतायला जवळजवळ चार महिने लागले. वरिष्ठांनी चांगलंच फैलावर घेतलं.

पुढे क्योथेनच्या दरबारात दिवस बरे गेले. १७२०च्या सुरुवातीला त्यांनी नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी वाद्याच्या धड्यांची वही घातली. त्याच उन्हाळ्यात ते राजपुत्राबरोबर कार्ल्सबाडला गेले. घर सोडलं तेव्हा त्यांची बायको मारिया बार्बारा धडधाकट होती. परतून दारात पाऊल टाकलं तेव्हा ती गेलेली होती, दफनही झालेलं होतं. चार मुलं घरात. इथे आलं की मला पुढे वाचवत नाही.

दीड वर्षानं दुसरी बायको, आना माग्दालेना, घरात आली. वय २०, दरबारातली गायिका. १७२३ला सगळे लाइप्झिगला गेले आणि शाळेच्याच इमारतीत बिऱ्हाड थाटलं. सुरुवातीची काही वर्षं जवळपास दर रविवारी चर्चमध्ये नवी रचना हवी असे. एकट्या माणसानं ती लिहायची, आणि मग प्रत्येक गायकासाठी, प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद उतरवायचा. विद्यार्थी बसत, मुलं बसत, बायको बसे. आना माग्दालेनाचं अक्षर तर नवऱ्याच्या अक्षरासारखंच होत गेलं, इतकं की पुढे अभ्यासकांची गल्लत व्हायची. आज चेलोवादक ज्या सहा रचनांवर जन्म काढतात, त्यांची बाख यांच्या हातची प्रत उरलेली नाही. उरली ती तिनं केलेली.

पैशांची ओढाताण होतीच. १७३०मध्ये एका जुन्या मित्राला पत्रात त्यांनी लिहिलं, की गावात हवा चांगली असली, की अंत्ययात्रा घटतात आणि त्यांवरची माझी प्राप्तीही घटते. त्याच पत्रात पुढे मात्र बाप बोलतो. मुलं जन्मजात संगीतकार आहेत, बायकोचा आवाज स्वच्छ आहे, थोरली मुलगीही बरी साथ देते, आणि गाण्या-वाजवण्याचा अख्खा मेळ आता घरच्या घरीच जमतो. पगाराची तक्रार करता करता हा माणूस कुठे येऊन रमतो, ते बघा.

डोळ्यांवरच्या दोन शस्त्रक्रिया फसल्या आणि २८ जुलै १७५० रोजी ते गेले. धाकटी मुलगी आठ वर्षांची. आना माग्दालेनानं आपल्या वाट्याला आलेले रविवारच्या रचनांचे कागद शाळेला दिले आणि शाळेच्या घरात आणखी सहा महिने राहायला मिळालं. १७६०मध्ये ती गेली, तेव्हा दानधर्मावर जगत होती.

घरातल्यांनी आणि विद्यार्थ्यांनी उतरवलेले ते कागद आजही लाइप्झिगमध्येच आहेत.