तहकूब सभा आणि एक उमेदवार

गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पहिलं काय होतं माहितीय? वसुली वाढते. खरंच. वर्षभर घरपट्टी-पाणीपट्टीसाठी शिपाई दारात येऊन येऊन दमतो आणि फॉर्म भरायची तारीख आली की तीच मंडळी नोटा घेऊन ऑफिससमोर उभी, कारण थकबाकी राहिली तर छाननीत फॉर्म उडू शकतो आणि समोरचं पॅनेल त्यासाठी टपूनच बसलेलं असतं.

आज ज्या ताईंबरोबर आपण फिरणार आहोत त्यांच्याकडे पावत्या आहेत, दरवर्षीच्या, दुधाच्या पिशवीत घालून रबर लावून ठेवलेल्या. नाव सांगत नाही, गावाचंही नाही, हा प्रचाराचा व्हिडिओ नाही. एवढंच सांगतो की त्या सदस्यपदाला उभ्या आहेत, कुठल्याही पॅनेलमध्ये नाहीत, आणि त्यांचा जाहीरनामा म्हणजे वहीचं एक पान, झेरॉक्स काढलेलं.

(दोन्ही कागद शेजारी शेजारी, जवळून.)

हा बघा पॅनेलवाल्यांचा. चकचकीत कागद, चार फोटो, स्वागत कमान, हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम. ओपन जिम या गावात आधीची एक आहेच, तिच्यावर गोधड्या वाळत घालतात. आणि हा ताईंचा. पहिलीच ओळ, "ग्रामसभा तहकूब होऊ देणार नाही." मला वाटलं क्रम चुकला असेल, पाणी-रस्ते सोडून कोण असलं पहिलं लिहितं? ताई म्हणाल्या, "दादा, सगळं तिथंच अडतं, बसा, सांगते."

तर ऐका. ग्रामसभेला कोरम लागतो, म्हणजे कमीत कमी एवढी माणसं हजर पाहिजेत. महाराष्ट्रात एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. या गावात मतदार अठराशेच्या आसपास, म्हणजे १५ टक्के धरले तर पावणेतीनशे होतात, पण १०० पुरतात. शंभर माणूस इथं बारशाला पण जमतं! पण सभेला नाही जमत, कारण नोटीस लागते ती ऑफिसच्या फुटक्या काचेच्या फळ्यावर, वेळ असते सकाळी अकराची जेव्हा सगळं गाव रानात असतं. मग दहा-बारा डोकी जमतात, कोरम नाही, सभा तहकूब. आणि खरी गंमत पुढंच आहे, तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा तिला कोरमच लागत नाही. म्हणजे तीच दहा-बारा डोकी बसतात आणि सगळ्या गावाच्या नावानं ठराव मंजूर. कायद्यात ही सोय चांगल्यासाठी केलेली, कामं अडू नयेत म्हणून, पण गावोगावी तीच चोरवाट झालीय. नंतर प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहायचं पुस्तक, घेऊन शिपाई घरोघरी सह्यांना फिरतो. "काकू, सही करा, घरकुलाचं आहे." काकू करतात.

ताईंचं म्हणणं एवढंच की सभा संध्याकाळी घ्या, आधी भोंग्यावरून दवंडी द्या, विषय आधी सांगा, आणि त्याच्या आधीची महिलांची सभा कागदावर नको, खरी घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते हे गावात कितीजणींना माहीत आहे हे आम्ही विचारत फिरलो. पाण्याच्या टाकीपाशी अकरा जणी भेटल्या. एकीला माहीत होतं, आणि ती ताईंची जाऊ.

आता पैशाचं. केंद्राकडून वित्त आयोगाचा निधी येतो एवढं सगळ्यांना माहीत असतं, पुढचं कोणी सांगत नाही. १५व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतच्या पैशात ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडं लावायचे नाहीत, आणि ४० टक्के अबंधित, त्यातूनही पगार वगैरे करायचे नाहीत. या पैशाच्या पेमेंटला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. (आता ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं २०२४ला ठरलं, गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) ती सही म्हणजे पेनड्राईव्हसारखं एक डोंगल असतं. ते असायला पाहिजे सरपंचाकडं. मी फिरलेल्या दोन-तीन गावांत ते ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये होतं, स्टेपलरच्या शेजारी, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. आणि सरपंच बाई असतील तर विचारूच नका. २०११ पासून आपल्याकडं पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, पण खुर्चीवर बाई आणि बाजूच्या खुर्चीवर त्यांचे मालक, फोन तेच उचलणार, "बोला, सरपंच बोलतोय."

ताईंनी मोबाईल काढून ई-ग्रामस्वराज उघडून दाखवलं, पंचायतींचा हिशोब दाखवणारी सरकारी वेबसाईट. लॉगिन लागत नाही, गाव निवडायचं, वर्ष निवडायचं, आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतात. त्या दर महिन्याला ते कागदावर उतरवून काढतात आणि देवळाच्या पारावर बसून वाचतात, ऐकायला पाच-सहा म्हातारी माणसं आणि एक कुत्रं. त्यांना निवडून येऊन करायचंय ते हेच, फक्त भोंग्यावरून.

पाण्याकडं येऊ. घरोघरी नळ द्यायची केंद्राची योजना, जलजीवन मिशन, २०१९ला सुरू झाली, माणशी रोज ५५ लिटर द्यायचं ठरलं, नळ तर या गावात घरोघरी आलाय. पण ताईंच्या वहीत बघा. तीन महिने त्यांनी रोज लिहिलंय, खालच्या आळीला पाणी किती वाजता आलं, वरच्या आळीला किती वाजता, किती मिनिटं. खालच्या आळीला पाऊण तास. वरच्या आळीला वीस मिनिटं, कधी बारा. एके दिवशी नुसतं "आलं नाही, लाईट बिल" असं लिहिलंय, म्हणजे मोटरचं बिल थकलं आणि कनेक्शन तोडलं. बिल का थकलं तर पाणीपट्टी कोणी भरत नाही, का भरत नाही तर पाणी येत नाही, असं हे गोल गोल. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या मामांना शिव्या पडतात फुकटच्या, त्या मामांना तीन महिने पगार नव्हता हे कोणाला माहीत नव्हतं.

यावर उपाय ताईंनी शोधला नाही, पाहिला. छत्रपती संभाजीनगरजवळ पाटोदा आहे, तिथले सरपंच राहिलेल्या भास्करराव पेरे पाटलांचं, तिथं कर भरणाऱ्याला दळण मोफत दिलं, आणि वसुली झाली. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ला सरपंच झाले, तिथं पाऊस किती पडला ते मोजून गावानं बसून ठरवायचं की यंदा कुठलं पीक घ्यायचं. ताई म्हणतात आपल्याला गिरणी परवडायची नाही, पण वेळापत्रक तर फळ्यावर लावता येईल, त्याला कुठला निधी लागतो?

एक मात्र बोललं पाहिजे. सदस्य म्हणून यातलं निम्मंच त्यांच्या हातात आहे. सभा बोलावणार सरपंच, आणि सरपंच थेट जनतेतून, २०१७ला तसं केलं, २०२०ला काढलं, २०२२ला परत आणलं. मी हे त्यांना तोंडावर विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "हातात नाही, पण तोंडात आहे की."

पानाच्या खाली शेवटची ओळ आहे, "संध्याकाळचा भोंगा". सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला, बाकीचे वाचत किंवा बोलत बसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२च्या मे महिन्यात ठराव केला, नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हे बंद. पुढं राज्य सरकारनं बाकीच्या पंचायतींना त्याचा दाखला दिला. ठराव एवढं करू शकतो. ताई या विषयावर जास्त बोलल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, आणि मालकांचा फोटो भिंतीवर हार घातलेला आहे. मी पण मग पुढं विचारलं नाही.

(ग्रामपंचायत ऑफिस. संध्याकाळ.)

हे शूटिंग आचारसंहिता लागायच्या आधीचं. त्या दिवशी सभा होती, तहकुबीनंतरची. तेरा माणसं. ठराव वाचून झाले, प्रोसिडिंग बुक सह्यांसाठी फिरलं. ताईंच्या हातात आलं तेव्हा शेवटच्या ठरावाखाली अर्धं पान कोरं होतं आणि सह्या त्याच्या खाली सुरू झाल्या होत्या. त्यांनी सही केली नाही लगेच. पिशवीतून पट्टी काढली, त्या कोऱ्या जागेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली, आणि मग खाली सही, तारीख, वेळ. भाऊसाहेब बघत राहिले, काही बोलले नाहीत. पुस्तक पुढच्या माणसाकडं गेलं.