चेटकिणीचा कबुलीजबाब

एक भलेमोठे वटवाघूळ किल्ल्याच्या दालनात शिरते, घिरट्या घालते आणि पापणी लवते न लवते तोच त्याच्या जागी सैतान उभा राहतो. हे दृश्य आहे १८९६ सालचे, जेमतेम तीन मिनिटांच्या एका फ्रेंच मूकपटातले. तो घडवणारे जॉर्ज मेलिएस मुळात रंगमंचावरचे जादूगार होते. कॅमेरा थांबवायचा, वटवाघूळ काढून नटाला उभे करायचे आणि पुन्हा चित्रण सुरू करायचे, एवढीच त्यामागची करामत. परंतु पडद्यावरच्या जादूटोण्याची सुरुवात तिथून झाली.

पुढच्या काळात अशा युक्त्या वाढत गेल्या. इटालियन छायाचित्रकार मारिओ बावा यांनी १९५७ सालच्या ‘इ वाम्पिरी’ या कृष्णधवल चित्रपटात एक तरुण स्त्री कॅमेऱ्यासमोर, मध्ये कुठेही काटछाट न करता, म्हातारी होताना दाखवली. अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आधीच रंगवलेल्या होत्या. एका रंगाच्या प्रकाशात त्या दिसत नव्हत्या आणि प्रकाशाचा रंग पालटताच त्या काळ्या होऊन उमटल्या. आजही हे दृश्य पाहताना अंगावर काटा येतो, कारण डोळ्यांना कुठेही जोड सापडत नाही.

मात्र चेटकिणीच्या चित्रपटांविषयी बोलताना मला सर्वांत आधी आठवतो तो १९२२ सालचा ‘हॅक्सन’. डॅनिश दिग्दर्शक बेन्यामिन क्रिस्टेनसेन यांनी तो स्वीडिश निर्मितीसंस्थेसाठी केला आणि त्यातला सैतानही स्वतःच रंगवला. चित्रपटात मारिया नावाची एक गरीब विणकर म्हातारी एका घरच्या स्वयंपाकघरात येते, पुढ्यात आलेले अन्न भुकेल्या माणसासारखी अधाशीपणे खाते, आणि त्या घरचा आजारी पुरुष हिच्याच करणीने अंथरुणाला खिळला, असा आळ तिच्यावर येतो. तिला पकडून नेतात आणि धर्मन्यायाधीश तिचा छळ सुरू करतात.

आता क्रिस्टेनसेन यांची रचना नीट पाहावी. झाडूवर बसून गावाच्या छपरांवरून उडत जाणाऱ्या बायका आणि रानातला सैतानाचा मेळा ही या चित्रपटातली सर्वांत विलक्षण दृश्ये आपल्याला दिसतात ती मारियाच्या कबुलीजबाबातून, आणि तो कबुलीजबाब यातना असह्य झाल्यावर दिलेला आहे. म्हणजे ज्या चमत्काराने प्रेक्षक भारावून जातो, तो एका म्हातारीकडून वदवून घेतलेला आहे. इतकेच नव्हे, तर बोलता बोलता ती ज्या बायकांनी तिला हिणवले त्यांचीही नावे घेते आणि तीच आग आळ घेणाऱ्या घरापर्यंत पोहोचते. चेटकिणीची कथा इतक्या निर्भयपणे मांडणारे चित्रपट फार थोडे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

१९४३ साली, डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, कार्ल थिओडोर ड्रायर यांनी ‘व्रेडन्स डाग’ हा चित्रपट केला. त्यात ना झाडू आहे, ना उड्डाण. चेटकीण ठरवलेल्या वृद्धेला शिडीला बांधून ती शिडी जळत्या चितेवर लोटली जाते आणि त्या वेळी मुलांचा वृंद प्रार्थनागीत गात असतो. भीती वाटते ती त्या शांत, सुरेल आवाजांची.

‘हॅक्सन’मध्ये मारियाची भूमिका मारेन पेडरसन या वृद्धेने केली होती. तिच्याविषयीची एक आठवण क्रिस्टेनसेन यांनी चित्रपटातच, दोन दृश्यांमधल्या लिखित पाटीवर नोंदवून ठेवली आहे. चित्रीकरणाच्या दिवसांत एकदा तिने थकलेला चेहरा वर केला आणि त्यांना सांगितले की सैतान खरोखरच आहे, आपल्या बिछान्याशेजारी बसलेला आपण त्याला पाहिले आहे.