कोणता मसाज घ्यायचा? आणि टेबलावर गप्प का पडून राहता?

नमस्कार मंडळी! दिवाळीपासून एकच प्रश्न येतोय. "ताई, ऑफिसातून स्पाचं व्हाउचर मिळालंय, मेनूकार्डावर ढीगभर नावं आहेत, कोणतं घेऊ?" तर आज ते उरकूनच टाकू.

नावं पटापट सांगते. पहिल्यांदाच जाताय, नुसता थकवा आहे? डोळे मिटून स्वीडिश घ्या. तेल, लांब लांब हात, मळणं, चोळणं, थोड्या थापट्या. नावात स्वीडन असलं तरी हे हात बसवल्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या ॲमस्टरडॅमच्या योहान मेत्सगर या डॉक्टरांकडे जातं. असो.

थाईमध्ये तेल नाही. खाली गादीवर, सैल कपडे घालून. थेरपिस्ट तळहात, कोपर, गुडघे, प्रसंगी पायसुद्धा वापरतात आणि तुम्हाला अक्षरशः दुमडतात. बँकॉकच्या वाट फो मंदिरात ही विद्या आजही शिकवतात आणि 2019 मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. पण हाडं ठिसूळ असतील, मणक्याची गादी सरकली असेल, तर वारसा लांबूनच बघा. हॉट स्टोन, म्हणजे गरम दगड. ज्यांना मधुमेहामुळे पायाला नीट संवेदना नाही त्यांनी तो घेऊ नका, कारण भाजलेलं कळतच नाही.

अभ्यंग. इथे दरवर्षी एक कमेंट ठरलेली. "नरक चतुर्दशीला आई फुकटात करते, त्याला एवढे पैसे कशाला?" अहो, त्या दिवशी पहाटे आई पाठीला दोन हात तेल मारते, उटणं खसाखसा लावते आणि "आटप, पाणी गार होतंय" म्हणते. त्यात माया आहे, मान्य! केरळी पद्धतीच्या अभ्यंगात लाकडी द्रोणीवर, म्हणजे तेलमालिशच्या खोलगट टेबलावर झोपवतात, कोमट तेल असतं, बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी दोघं एकाच लयीत हात चालवतात, आणि मग वाफ. तेल केसातही जातं, तेव्हा तिथून थेट लग्नाला जायचा बेत करू नका. आयुर्वेदातले जुने ग्रंथकार वाग्भट, त्यांनी अभ्यंग रोज करायला सांगितलाय, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष. आणि लगेच पुढे म्हटलंय, अजीर्ण झालेल्यांनी करू नये. म्हणजे फराळावर आडवा हात मारून नको. रोज तळपायाला तिळाचं तेल चोळा, त्याला व्हाउचर लागत नाही.

आता डीप टिश्यू. (खुर्ची पुढे ओढून) हा व्हिडिओ खरं तर याच्यासाठीच केलाय.

लोकांना वाटतं, डीप टिश्यू म्हणजे स्वीडिशच, फक्त जोरात. नाही. डीप म्हणजे सावकाश. तेल कमी, एकाच जागी कोपर किंवा अंगठा टेकवायचा आणि स्नायू सैल पडायची वाट बघायची. फ्रिजमधली कणीक काढल्या काढल्या लाटायला घेतली तर काय होतं? तेच. एकदम खोल दाबलं की स्नायू स्वतःला वाचवायला आवळतो. तुम्ही दात-ओठ खाता, श्वास धरता, आणि जी गाठ सोडवायची ती आणखी घट्ट. पैसे मात्र पूर्ण.

आमच्याकडे एक काका यायचे, तरुणपणी कोल्हापुरात तालमीत घुमलेले. "पोरी, जोर लाव, लागतच नाही काही!" आणि चादरीच्या टोकाला बघावं तर पायाची बोटं आत वळलेली, मुठी आवळलेल्या. तोंड एक सांगतंय, बोटं दुसरंच. मी दाब निम्म्यावर आणला, त्यांना "श्वास सोडा" म्हटलं, तर थोड्या वेळात बोटं सुटली आणि काका घोरायला लागले. उठल्यावर म्हणतात, "आज खरा जोर लावलास बघ."

पण प्रत्येक थेरपिस्ट पायाच्या बोटांकडे बघेलच असं नाही. तुमचं तोंड खाली, टेबलाला चेहऱ्यासाठी असतं त्या भोकात. चेहरा आम्हाला दिसत नाही. म्हणून बोला! "जरा हळू." दोन शब्द. सरळ आकड्यात सांगा: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे ओरडेन. सहा-सातपर्यंत, हवंहवंसं दुखतंय आणि श्वास मोकळा चाललाय, तर ठीक. आठ झालं की थांबवा.

आणि आपल्या लोकांचं काय असतं? मिसळीत तर्री कमी पडली तर मालकाला बोलावतील, पण टेबलावर पडले की एकदम सोशिक. "कशाला बोलायचं, त्यांना वाईट वाटेल." घरी गेल्यावर बायकोला पाठ दाखवणार, काळी-निळी. मला फोटो पाठवता तुम्ही, "ताई, भारी झाला ना मसाज?" भारी नाही, मार बसलाय! दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर ठणकतं तसं थोडं ठणकलं तर चालेल, एक-दोन दिवसांत जातं. वळ उठायला नकोत. आणि "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत म्हणून दुखतंय" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, ते काम तुमचं यकृत आणि मूत्रपिंडं न सांगता करतात.

बाकी भीती काय असते? कपडे किती काढायचे? तुम्हाला जमेल तेवढेच. चादर अंगावर असते, ज्या भागावर काम चालू तेवढाच उघडा. बाई हवी की पुरुष, बुकिंग करतानाच सांगा. झोप लागली, घोरलात, पोट गुडगुडलं, आम्हाला त्याचं काही नाही. उठताना मात्र आधी कुशीवर वळा, थोडं बसा, मग उभे राहा, नाहीतर चक्कर येते. आणि चंपी झाल्यावर सलूनमध्ये मान कट्‌कन मोडून घेता ना, तेवढं बंद करा. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.

शेवटची एक कमेंट, मागच्या व्हिडिओखालची. एका दादांनी लिहिलंय, लांबचा बसप्रवास करून आलो, एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, कोणता मसाज घेऊ? दादा, कुठलाच नाही. चोळू नका, घरच्यांनाही चोळू देऊ नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. व्हाउचर राहू दे बाजूला. आजच, आत्ताच डॉक्टरकडे जा, आणि काय निघालं ते खाली कळवा.